क्वाचासाठी उपास

फोटो पहिल्यांदा मी बघितला, आणि तू बघितलाच नसतास तर दिवस सरळ गेला असता असं आई अजून म्हणते. पण मी केलं काय, फेसबुक उघडलं आणि समोर दादा. पांढरा शर्ट, टाय, डोळे मिटलेले, आणि शेजारी एक बाई. डोक्यावर ही एवढी मोठी जांभळी टोपी, त्यामुळे चेहरा दिसतच नाही. आणि तिने आमच्या दादाचा हात धरलेला. मागे भिंतीवर क्रॉस. दादाच्या ऑफिसातल्या कुणीतरी टाकलेला फोटो, खाली लिहिलेलं, 'ब्लेस्ड डे'. बस, एवढंच.

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं.

त्यातून गुरुवारी दादाचा लुसाकाहून फोन येऊन गेलेला. आईला म्हणाला, "प्रणिताला आत्ता पाठवू नका." का? "नंतर सांगतो." नंतर म्हणजे कधी? "नंतर." आणि ठेवला. इकडे प्रणितावहिनीने शाळेची नोकरी सोडलेली, झांबियाचा व्हिसा झालेला, दिवाळीनंतरचं तिकीट काढलेलं. तिच्या खोलीत दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि ती त्या धड भरतही नव्हती, धड रिकाम्याही करत नव्हती.

तर मी फोटो बघत होते आणि विजयाआत्या शेजारी बसली होती. विजयाआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, सकाळीच आलमबागहून आली होती, कारण नवरात्रातला रविवार आणि संध्याकाळी आमच्याकडे भोंडला. मेट्रोसाठी आख्खा रस्ता खोदून ठेवलाय, विकास नगरला यायचं म्हणजे ऑटोवाला कसा सगळं लखनौ फिरवून आणतो, ही तिची गोष्ट चालली होती. बोलता बोलता ती माझ्या खांद्यावरून वाकली आणि गोष्ट थांबली. आत्याची गोष्ट मध्येच कधी थांबत नाही.

"हा सुबोध?"

"हो."

"आणि ही कोण?"

"माहीत नाही."

"जुई, हे लग्न आहे."

"आत्या, लग्नात टोपी कोण घालतं."

"त्यांच्यात घालतात. मी टीव्हीवर बघितलंय." आणि तिने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, ती गेली सरळ स्वयंपाकघरात.

आत आई आणि वहिनी खिरापतीचं करत होत्या. वहिनी खोबरं खवत होती. आई वेलची कुटत होती. आत्याने मोबाइल त्या दोघींच्या मध्ये धरला, जणू काही मीच तो फोटो काढलाय अशी माझ्याकडे बघत. आईचा बत्ता वरच्या वर थांबला.

"पद्मिनी, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "आफ्रिका नको."

"विजयाताई, थांबा जरा." आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला. "शर्ट आपलाच आहे. हजरतगंजला घेतलेला." ही आईची पद्धत. घाबरली की आधी कपडे ओळखते.

वहिनीने फोटो दोन बोटांनी मोठा केला, बघितला, आणि परत खवायला लागली. आत्याला वाटलं हिला धक्का बसलाय. मलाही तेच वाटलं. पण वहिनीने मला खूप नंतर सांगितलं, तिने तो हात बघितलाच नव्हता. ती गळा बघत होती. तो शर्ट लग्नानंतर घेतला तेव्हा वरचं बटण लागत नव्हतं म्हणून दादा दुकानात कुरकुरत होता. आणि आता टाय बांधूनसुद्धा कॉलरमध्ये दोन बोटं सहज जातील एवढी जागा. हे सगळं डोक्यात चालू असताना ती खोबरं खवत होती, आणि आम्ही म्हणतोय, बिचारी, बिचारी.

फोन लावला तर दादाचा फोन बंद. परत लावला, बंद. पप्पांना बाल्कनीतून बोलावलं. सत्यजितदादा, म्हणजे आत्याचा मुलगा, तिला सोडायला आला होता तो पेपर वाचत बसलेला, त्याला पण ओढलं. आणि मग सुरू झालं.

आता गंमत बघा. सकाळपर्यंत आमच्या घरात सरळ दोन पार्ट्या होत्या. आई म्हणायची, दादा काहीही म्हणो, प्रणिताने जायचं, दोन वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली तेवढं बास. आत्या म्हणायची, अजिबात नाही जायचं. फोटो आला आणि दोघींनी जागाच बदलली.

"आता कशाला जायचंय तिने," आई म्हणाली. "तिथे जाऊन अपमान करून घ्यायचा?"

"आता तर जायलाच पाहिजे," आत्या म्हणाली. "तिकीट आधीचं करून घे, प्रणिता. न सांगता जा. दार वाजव आणि उभी राहा."

"अगं, तूच म्हणत होतीस ना, नको म्हणून," पप्पा म्हणाले.

"तेव्हा टोपी नव्हती."

पप्पा रिटायर्ड सायंटिस्ट. म्हणजे पुरावा नसेल तर ते मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणत नाहीत. त्यांनी फोटो लांब धरून बघितला, मग जवळ धरून. "यातून एवढंच सिद्ध होतं," ते म्हणाले, "की तो एका चर्चमध्ये उभा आहे."

"आणि हात?"

"हात धरलाय. का धरलाय ते फोटोत नाही."

"जगदीश, तू लॅबमध्ये नाहीयेस."

सत्यजितदादा म्हणाला, "यार, धर्म तर बदलला नसेल ना? कंपनीवाले करतात काय काय." आई मटकन स्टुलावर बसली. आत्या त्याला म्हणाली, तू गप्प. तो म्हणाला, मी फक्त एक शक्यता सांगितली.

तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला. दादाचा. मी मोठ्याने वाचला, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते. 'आज इथे आख्खा देश क्वाचासाठी प्रार्थना करतोय. राष्ट्रीय उपास आहे. सगळं बंद. दुपारी करतो फोन, म्हणजे तुमची संध्याकाळ. आईला सांग काळजी नको.'

"क्वाचा कोण?" आत्याने विचारलं.

"त्यांचा पैसा आहे, आत्या. आपला रुपया तसा त्यांचा क्वाचा."

"पैशासाठी प्रार्थना?"

"असं लिहिलंय."

"उपास?"

"हो."

आत्या आईकडे वळली. "निदान थाप तरी बरी मारायची. आजारी होतो म्हणाला असता, मी मानलं असतं."

आणि खरं सांगू का, त्या क्षणी मला पण ते पटलं. म्हणजे दादाने टोपीवालीशी लग्न केलं हे डोळ्यांसमोर आणता येत होतं. पण एक देश, पूर्ण देश, उपाशीपोटी बसून देवाला म्हणतोय की आमचा पैसा वर चढव, हे कुठून डोळ्यांसमोर आणणार. आईला तर रडूच फुटलं. वहिनी तेवढी म्हणाली, "सत्यजितदादा, बघा ना नेटवर."

त्याने बघितलं. आमच्याकडचं नेट म्हणजे तुम्हाला माहितीये, गोल फिरत राहतं. आम्ही सगळे त्याच्या मोबाइलभोवती वाकून उभे. मग पान उघडलं.

"अरे," सत्यजितदादा म्हणाला, "खरंय की."

खरं होतं. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलेलं, आजचा दिवस प्रार्थनेचा आणि उपासाचा. बार बंद, फुटबॉलच्या मॅचेस रद्द. क्वाचा एका वर्षात जवळजवळ अर्धा झालेला. आणि वर धरणात पाणी कमी, त्यामुळे रोज तास न् तास वीज नाही.

"लाइट तर इथे पण जाते," आत्या म्हणाली, पण आवाज जरा उतरला होता.

"तिथे त्याची शेगडी विजेची आहे," वहिनी म्हणाली.

"मग जेवतो काय?"

वहिनीने खोबऱ्याची वाटी बाजूला सारली.

मला वाटलं होतं की लग्न नाही म्हटल्यावर सगळे सुटकेचा निःश्वास सोडतील. पण झालं उलटंच. टोपी सगळ्यांना कळत होती, क्वाचा कुणालाच कळत नव्हता. आत्या सत्यजितदादाच्या मागे लागली. "तू बँकेत आहेस. समजावून सांग. देशाचा पैसा अर्धा कसा होतो?"

"आई, मी होम लोन बघतो."

"बँक आहे ना पण?"

"अगं, हे वेगळं. त्यांनी बाहेरून कर्ज घेतलंय. डॉलरमध्ये. रस्ते बांधायला वगैरे. सुबोध त्याच रस्त्यांच्या कंपनीत अकाउंट्स बघतो ना. आणि फेडायचं पण डॉलरमध्येच. डॉलर मिळतात तांबं विकून. तांब्याचा भाव पडला. मग डॉलर कमी, मग क्वाचा पडला, मग तेच कर्ज त्यांच्या पैशात जवळजवळ दुप्पट."

"नवीन घेतलं नाही तरी?"

"नवीन घेतलं नाही तरी."

"हे कसलं कर्ज? होम लोनला पण असं असतं?"

"नाही ग बाई."

आत्याचा चेहरा असा झाला की सत्यजितदादाला दया आली. आता आत्याचं काय आहे, ती चौक बाजारातून चिकनचे, म्हणजे त्या लखनवी भरतकामाचे, कुर्ते घेते आणि पुण्याच्या नातेवाइकांना विकते. तिथे ती कुणाला ऐकत नाही, दुकानदार तिला बघून चहा सांगतात. तर सत्यजितदादा म्हणाला, "बरं, असं समज. चौकातल्या तुझ्या कुर्तेवाल्याने सांगितलं, माल उधार घेऊन जा, पण मला रुपये नकोत. मला पुण्याच्या बाकरवड्या हव्यात. रुपयांना हात लावणार नाही, फक्त बाकरवडी."

"वेडा आहे का तो?"

"समज ना. आता बाकरवडी इथे होत नाही. पुण्याची माणसं तुझे कुर्ते घेतात, बदल्यात बाकरवडी पाठवतात, ती तू त्याला देतेस. छान चाललंय. तू म्हणतेस, अजून माल दे, अजून उधार. आणि एक दिवस पुण्याच्या लोकांनी चिकन घालणं सोडलं."

"का सोडलं?"

"फॅशन गेली."

आत्या विचार करत बसली. "मग मी बाकरवडी आणू कुठून?"

"तेच."

"लखनौत कुणाकडे असेल त्याच्याकडून घ्यायची."

"त्याच्याकडे सगळेच मागायला आलेत. तो म्हणतो, कालपर्यंत दोन कुर्त्यांना एक पाकीट देत होतो, आज चार कुर्ते आण."

आत्याने मान हलवली, हळूहळू. "पण मी अशी उधारी कबूलच कशाला करेन, सत्या?"

"कारण तेव्हा तुझे कुर्ते दणकून खपत होते."

मग आत्या म्हणाली, "आपली मेट्रो? ती कुणाच्या पैशाने खोदतायत?"

"बाहेरचं कर्ज घेणार म्हणतात काहीतरी."

"झालं. म्हणजे उद्या मला पण उपास." पण हसली नाही.

इकडे मी पप्पांकडे बघितलं. एवढं सगळं चाललंय आणि पप्पा मान खाली घालून टेबलावरचं मेणकापड नखाने खरवडत बसलेले. मला तेव्हा काही लक्षात आलं नाही. आईच्या आलं. आईच्या येतंच.

"तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली.

"माहीत नव्हतं."

"मग?"

"तांब्याचा भाव बघत होतो पेपरात. उन्हाळ्यापासून. वाटत होतं काहीतरी होणार."

"आणि वाटत होतं ते घरात सांगायचं नसतं?"

"पद्मा, नुसतं वाटण्याला काय..."

"एक्क्याण्णव साली पण तुम्ही सांगितलं नव्हतं."

मग ते एक्क्याण्णवचं निघालं. आम्हाला एवढंच माहीत होतं की त्या वर्षी पप्पांचं प्रमोशन राहिलं. आई बोलायला लागली, पप्पांकडे न बघता, वेलची कुटत. तेव्हा आपल्याच देशाकडे डॉलर नव्हते. सोनं विमानात घालून बाहेर गहाण ठेवायला पाठवलेलं. आणि पप्पांच्या लॅबमधल्या मशीनचा एक दिवा गेलेला. एक दिवा. तो यायचा बाहेरून, आणि बाहेरचं काही मागवायला परवानगीच मिळेना. मशीन बंद, तर काम बंद. पप्पा रोज डबा घेऊन जायचे, झाकलेल्या मशीनसमोर बसायचे, आणि संध्याकाळी परत. घरी येऊन म्हणायचे, आज खूप काम होतं.

"सुबोध दुसरीत होता," आई म्हणाली. "मला विचारायचा, पप्पा ऑफिसातून आले की भिंतीकडे का बघतात. मी काय सांगणार. मलाच किती वर्षांनी सांगितलंत, ते पण कुणाच्या तरी लग्नात, पंगतीत."

पप्पा म्हणाले, "सांगून काय झालं असतं? दिवा आला असता?"

"मी बाजूला बसले असते," आई म्हणाली.

सत्यजितदादा उठून पाणी प्यायला गेला. वहिनी पप्पांकडे बघत होती. अशी, की जणू त्यांना पहिल्यांदाच बघतेय.

आणि मग काय, परत नव्याने पार्ट्या. आत्या म्हणाली, ज्या देशात जेवायला वीज नाही तिथे पोरीला पाठवायचं नाही म्हणजे नाही. आई म्हणाली, आता तर जायलाच पाहिजे. म्हणजे दोघी फिरून परत सकाळच्याच जागी, फक्त कारणं वेगळी. पप्पा म्हणाले, सुबोधनेच परत यावं. सत्यजितदादा म्हणाला, तो येणार नाही मामा, त्याचा पगार अडकला असेल तर तो सोडून कसा येईल. पप्पा म्हणाले, अडकलाय कशावरून. वहिनीला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. मी पण नाही. दारावर बेल वाजली आणि भोंडल्याच्या मुली यायला लागल्या.

गच्चीवर पाट मांडला. मी त्यावर तांदळाचा हत्ती काढलेला, सोंड जरा वाकडी झाली. दहा-बारा जणी, आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या काकू आणि त्यांच्या मुली. मुलींना मराठी कळतं पण बोलायचं म्हटलं की हिंदी. सगळ्यांनी हात धरले आणि हत्तीभोवती फेर धरला. खालच्या गल्लीत देवीच्या मांडवातला लाउडस्पीकर आणि वर आमची गाणी, कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. आत्या सगळ्यांत जोरात म्हणत होती. वहिनी माझ्या शेजारी होती.

गाणी झाली आणि खिरापत आली, मोठं पातेलं, वर ताट झाकलेलं. आमच्याकडे आईचा एक नियम आहे, लहानपणापासूनचा. जिने खिरापत केली तिने फक्त हो किंवा नाही म्हणायचं, आणि खोटं बोलायचं नाही. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. दादाने लहानपणी यावरून रडारड केलेली आहे.

"भाभी, नारियल के लड्डू?"

"नाही."

"गोड की तिखट?"

"हो किंवा नाही," आई म्हणाली.

"मीठा है?"

"हो."

"शिरा?" "नाही." "साटोरी?" "नाही." असं चाललेलं आणि माझा फोन वाजला. दादा. मी काय करू मला सुचेना, मी वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "स्पीकरवर टाक." आणि मग फोनमध्ये म्हणाली, एकदम साध्या आवाजात, "सुबोध, भोंडला चालू आहे. खिरापत ओळख. सगळ्या ऐकतायत."

तिकडून आधी नुसता आवाज, कुणीतरी माइकवर प्रार्थना सांगतोय आणि मागे खूप माणसं. मग दादा. "अगं, मी अजून हॉलमध्येच..."

"ओळख."

दादा हसला. "उपमा?"

"नाही."

"थालीपीठ?"

"गोड आहे, दादा," मी म्हटलं.

"अच्छा, गोड." जरा थांबला. "गूळ-पोळी? म्हणजे नुसती पोळी आणि गूळ?"

"नाही."

"मग वरणभात."

मुली खो खो हसल्या. "भैया, खिरापत में कोई वरणभात बनाता है क्या," एक जण म्हणाली. काकू पण हसल्या. मी पण हसले, खरं सांगते. दादा पण तिकडे हसत होता. आणि मी बघितलं तर आई हसत नव्हती. आई पाटावरच्या हत्तीकडे बघत होती. आत्याने आईचा दंड धरला होता.

वहिनी म्हणाली, "नाही. वरणभात नाही." माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि जिन्याकडे गेली. मी हळदी-कुंकवाचं तबक घेऊन मागोमाग. कुणी मला म्हटलं नव्हतं जा म्हणून. पण फोन माझा होता.

ती वरच्या पायरीवर बसली. मला बघितलं, हाकललं नाही. उलट फोन असा धरला की मला ऐकू यावं.

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "तू काय झाकलंयस ते मी ओळखणार. हो किंवा नाही. आईंचा नियम माहितीये."

"प्रणिता, यार, आत्ता नको."

"पगार बंद आहे?"

मागे माइकवाला बोलत होता. दादा म्हणाला, "हो."

"गणपतीच्या आधीपासून?"

"हो."

"गुढीपाडव्याच्या आधीपासून?"

"नाही. एवढा नाही."

"कंपनीचं घर सोडलंस?"

"सोडावं लागलं. सरकारकडून बिलांचे पैसेच येत नाहीयेत, त्यांचं आधी बाहेरचं कर्ज..."

"हो किंवा नाही."

"हो."

"टोपीवाली घरमालकीण?"

"तुला टोपी कुठून कळली?"

"सुबोध."

"हो. साठ वर्षांची आहे ग ती. तिच्या मागच्या खोलीत राहतो. तिनेच आणलं इथे, म्हणाली तू पण क्वाचाच मिळवतोस, तू पण ये."

वहिनी हसली. म्हणजे आवाज हसल्यासारखा आला. "नोकरी आहे अजून?"

"हो आणि नाही."

"असं उत्तर नसतं."

"इथे असतं," दादा म्हणाला. "कंपनी आहे. रस्ता अर्धा झालाय. सरकार म्हणतं देऊ. मी रोज सकाळी जातो, बसतो, आणि संध्याकाळी येतो."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. खाली स्वयंपाकघरात पप्पा एकटेच बसले होते, त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"मी येऊ?" वहिनीने विचारलं.

"नाही." एका सेकंदात. जणू तो सकाळपासून तेवढं एक उत्तर हातात धरून बसला होता.

"अच्छा." ती पायरीवरचा तांदळाचा एक दाणा बोटाने टिपत होती. "मी आले तर तुला बरं वाटेल?"

आणि तेवढ्यात तिकडे माइक बंद पडला. वीज गेली असणार. एकदम शांत, आणि मग माणसंच गायला लागली, माइकशिवाय, लांबून समुद्राचा यावा तसा आवाज. मला वाटलं फोन कट झाला. वहिनी थांबून राहिली.

"हो," दादा म्हणाला.

वहिनी म्हणाली, "खांडवी होती," आणि फोन ठेवला.

मी तिला विचारलं, "म्हणजे काय झालं? हो का नाही?"

"दोन्ही खरं आहे," ती म्हणाली. "नियमच आहे ना तसा." आणि डोळे पुसून गच्चीवर गेली, झाकण काढलं, सगळ्यांना तांदळाच्या रव्याची, गुळातली खांडवी वाढली, वर खोबरं घातलं. एक मुलगी म्हणाली, "भाभी, यह तो कोई नहीं पहचान पाता." वहिनी म्हणाली, हो ना.

बायका गेल्यावर मी पातेलं घेऊन खाली आले. सत्यजितदादा ऑटो आणायला गेला होता. पप्पा वहिनीच्या खोलीच्या दारात उभे राहून त्या दोन उघड्या बॅगांकडे बघत होते, आत जावं की नको अशा विचारात. वहिनी त्यांच्या मागून आली आणि म्हणाली, "पप्पा, तो दिवा शेवटी आला का?"

पप्पा वळले. "आला," ते म्हणाले. "आला तोवर मी दुसरं काम घेतलं होतं." परत बॅगांकडे बघत म्हणाले, "पण आला."

स्वयंपाकघरात आईने तूरडाळीचा डबा खाली काढला होता आणि ती वाटीने एका कापडी पिशवीत डाळ भरत होती. वहिनी दारात थांबली.

"आई, अजून काही ठरलं नाहीये."

"माहितीये मला," आई म्हणाली. "मी नुसती भरून ठेवतेय."

आत्या पर्स काखेत मारून निघायच्या तयारीत उभी होती. सकाळपासून ती कुठल्या बाजूला होती ते तिचं तिलाही आठवत नसणार. तिने पिशवीत डोकावून बघितलं, आईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि डाळ परत डब्यात ओतली.

"तूर नको," ती म्हणाली. "तिला शिजायला वेळ लागतो, तेवढ्यात वीज गेली तर? मूग दे."